दर साल धोंड्याचा महिना

घरात पैसा टिकत नाही, याचं कारण म्हणे चहा. हा शोध हल्ली दर पंधरा दिवसांनी नव्याने लागतो. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला कुणीतरी मोबाइलच्या पडद्यावर उभा राहतो आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला सांगतो की, बाबा रे, आपली कमजोरी ओळख. टपरीवरचा चहा सोड, शेगावची कचोरी सोड, आठवडी बाजारात कोथिंबिरीची जुडी उचलताना दोनदा विचार कर आणि सगळा खर्च वहीत लिही. वहीला रकाने बारा, महिन्याला एक. ऐकणारा बिचारा आज्ञाधारक. तो वही काढतो, आणि ज्या फोनवर हा उपदेश ऐकला त्याच फोनचा खर्च आधी लिहायला घेतो. जानेवारी ते डिसेंबर बारा रकाने भरतात आणि एक रिचार्ज हातात उरतं. पुन्हा मोजलं तरी तेच. महिने बारा, रिचार्ज तेरा. कमजोरी शोधायला बसलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा चोर दिसतो, पण सल्लागाराचा व्हिडिओ तोवर कचोरीपर्यंत पोचलेला असतो.

मोबाइलचा महिना २८ दिवसांचा असतो, हे आता आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही चूक आहे असंही कुणाला वाटत नाही. इंग्रजी कॅलेंडरात असा महिना एकच, फेब्रुवारी, आणि तोसुद्धा चार वर्षांतून एकदा शरमेने एक दिवस वाढवून देतो. इथे शरमेचा प्रश्न येत नाही. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४, तेव्हा वर्षाचा उरलेला एक दिवस आपण नेमका कुणाच्या कृपेवर काढतो, हे वहीत लिहायला जागा नाही. बुलढाण्याला तेराचं तसं वावडं नाही, कारण जिल्ह्यात तालुकेच तेरा. घाटावरून सुरुवात करून एकेका तालुक्याच्या नावाने एकेक रिचार्ज करत घाटाखाली उतरलं, तर जळगाव जामोद उरकून संग्रामपूरला पोचेपर्यंत वर्ष सरतं. तेरावा महिना आपल्या पूर्वजांनाही माहीत होता. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी आखूड पडतं, ती तूट भरून काढायला साधारण ३२-३३ महिन्यांनी त्यांनी अधिकमास घातला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यानंतरचा अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. आकाशाकडे बघून, ग्रहगणित मांडून काढलेला तो महिना. त्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यावं लागतं, खर्च होतो, सासरे कुरकुरतात, हे सगळं कबूल. पण तो जावई तीन वर्षांनी येतो आणि येताना लेकीला घेऊन येतो. हा नवा जावई दर साल येतो, एकटा येतो आणि वाण आगाऊ मागतो.

रक्कम किरकोळ आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब बांधावर नेऊन मांडू. जुलै २०२४ मध्ये दर वाढल्यापासून रोजच्या डेटासह चालणारं नेहमीचं २८ दिवसांचं रिचार्ज तीनशेच्या घरात आहे. घरात चार फोन धरा: म्हातारबाबांचा एक, नवरा-बायकोचे दोन, शिकणाऱ्या पोराचा एक. तेरा वेळा चार वेळा तीनशे म्हणजे वर्षाला १५,६०० रुपये. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल सोयाबीन, आणि तेसुद्धा हमीभाव खरोखर पदरात पडला तर. कोरडवाहू एकरात बऱ्या वर्षी पाच-सहा क्विंटल निघतं, तेव्हा अर्धा एकर वावर नांगरलं, पेरलं, निंदलं, फवारलं, सोंगलं, मळलं ते नुसतं ‘हॅलो’ म्हणण्यासाठी. त्यातून फक्त तेरावं रिचार्ज वेगळं काढलं तर चार फोनांचे १,२०० रुपये होतात. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० ला मिळते. एका गोणीला दीडशे कमी, आणि ही गोणी अशा महिन्यात गेली जो महिनाच नव्हता. भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. चार ढेकळांवरून पावसाळ्याचे चार महिने, धान्यांवरून पिकं, करंजीवरून तिजोरी, सगळ्याचं भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे ऐकायला गर्दी लोटते. पण शेतकऱ्याच्या तिजोरीत जो महिना हमखास घुसणार, त्याच्यासाठी घटात अजून ढेकूळ ठेवलेलं नाही. गरजही नाही म्हणा. पावसाचा खंड पडू शकतो, याचा पडत नाही.

यावर पहिलं उत्तर तयार असतं. म्हणे २८ म्हणजे बरोबर चार आठवडे, ग्राहकाच्या सोयीसाठी वार तोच राहावा. ही सोय ऐकून डोळे पाणावतात. आठवडी बाजार वाराने भरतो हे खरं, मजुरीचा चुकाराही वाराने होतो. मग रिचार्ज सात दिवसांचं आहे, चौदा दिवसांचं आहे, असं सरळ म्हणा आणि आठवड्याचा दर सांगा. हिशेब आठवड्याचा ठेवायचा आणि बोलताना ‘महिन्याचा पॅक’ म्हणायचं, ५६ दिवसांना दोन महिने आणि ८४ ला तीन महिने म्हणून खपवायचं, यात वाराची काळजी कुठे दिसते? एके काळी तर ३३६ दिवसांचीही योजना निघाली होती. बारा गुणिले अठ्ठावीस. महिना आखूड केल्यावर वर्षाला मोकळं कोण सोडतं? आणि ही लागण फोनपुरती राहिलेली नाही. गावात मायक्रोफायनान्सचे हप्तेही कित्येक ठिकाणी चौदा नाही तर अठ्ठावीस दिवसांनी गोळा होतात. बाईला सांगताना मात्र ‘महिन्याला एकच हप्ता, ताई’.

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे. तीस दिवसांची योजना असते की, ती घ्या. असते. कारण २०२२ मध्ये तसा नियमच झाला, निदान एक तरी योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी ठेवा म्हणून. ठेवली. दुकानदार जशी डागी मालाची पाटी ठेवतो, तशीच ठेवली. अॅप उघडल्यावर वर काय दिसतं आणि खाली सरकत सरकत अंगठा दुखल्यावर काय दिसतं, हे ज्याचं त्याने पाहावं. मग वर्षाचं का घेत नाही, ते दिवसाला स्वस्त पडतं, असं शहाणे विचारतात. बरोबर, पडतं. सुमारे ३,६०० एकदम मोजणाऱ्याला दिवस दहाच्या आत मिळतो, आणि तीनशे-तीनशे मोजणाऱ्याला तोच दिवस पावणेअकराला. सल्लागार याला आर्थिक शिस्तीचा अभाव म्हणतो. पण चार फोनांचे साडेचौदा हजार एकदम कधी मोजायचे? जूनमध्ये बियाणं-खत भरायचं असतं तेव्हा? श्रावणात उसनवारी चालू असते तेव्हा? सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आगेमागे येतं, कापूस वेचणीवेचणीने येतो, तूर-हरभरा पुढे. आलेला पैसा कृषी केंद्राच्या उधारीत आणि पीककर्जात उतरतो. म्हणून हा माणूस शाम्पू पुडीने घेतो, चहापत्ती पुडीने घेतो आणि महिनाही पुडीने घेतो. ठोक खरेदीला ठोक रक्कम लागते. ती नसण्याला कमजोरी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग ती पगारपत्रकाची कमजोरी आहे, स्वभावाची नव्हे. जास्त पैसेवाल्याला दिवस स्वस्त आणि कमी पैसेवाल्याला महाग, आणि वर उपदेशही महाग घेणाऱ्यालाच!

तरीही कंपन्यांचं म्हणणं मान्य करून टाकू. व्यवहार म्हणजे व्यवहार. फक्त तो सगळ्यांना लागू करा. सरासरी महिना साडेतीस दिवसांचा धरला तर शंभरामागे ९२ देऊन शंभराचे पैसे घेतले जातात. ठीक आहे, येत्या हंगामापासून शेतकऱ्याचाही क्विंटल ९२ किलोचा. आज यार्डात सोयाबीन ओतलं की ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघतो, माल डागी निघतो, माती निघते, प्रत्येकाची घट निघते. उद्या शेतकरी नुसता हात वर करून म्हणेल, प्रिय व्यापारी, आमचा क्विंटल असाच असतो, अटी व शर्ती पोत्याच्या आतल्या बाजूला छापल्या आहेत. चौथ्या पोत्यापासून मापाचा वेगही कमी होईल, आणि रात्री बारापर्यंत न उचललेला माल आपोआप शेतकऱ्याच्या मालकीचा. खामगावच्या चांदीबाजारात ९२ ग्रॅमला शंभर ग्रॅम म्हणा. चांदी तीच, शुद्धता तीच, फक्त वजनाची वैधता संपली. दूधवाला ९२० मिलिलिटरचं माप आणेल, आणि पाण्याचा आळ घेण्याची सोयच राहणार नाही. अक्षय्य तृतीयेला ठेवलेला सालदार ३३६ व्या दिवशी बैलांचा कासरा मालकाच्या हातात देऊन घरी जाईल, साल संपलं म्हणून. मालक ओरडेल की अजून जवळजवळ महिना बाकी आहे, तर सालदार म्हणेल, टॉप-अप मारा. दवाखान्यात नऊ महिने २५२ दिवसांत भरतील आणि आजीबाई सुनेला विचारतील की बाई, वैधता वाढवून घ्यायची राहिली का? लोणारला आकाशातून दगड पडला, तेव्हा निदान आवाज तरी झाला असेल. आपल्या कॅलेंडरातून दर साल एक महिना कोसळतो आणि मोबाइलवर फक्त टुंग वाजतं.

आणि त्या टुंगखाली लिहिलेलं असतं: ‘प्रिय ग्राहक’. इथे विनोद संपतो. पॅक संपायच्या तीन दिवस आधीपासून हे प्रेम सुरू होतं. दवाखान्यात फोन लावा, आधी वैधता ऐका. मयताचा निरोप द्यायला फोन लावा, आधी वैधता ऐका. एकेकाळी ‘लाइफटाइम’ नावाचं सिम विकलं जाई, येणारे फोन जन्मभर फुकट. २०१८ च्या अखेरीस ते आयुष्य संपलं आणि येणाऱ्या फोनसाठीही रिचार्ज भरावं लागू लागलं. ‘मग करू नका रिचार्ज, सक्ती कुठे आहे?’ हा तिसरा आक्षेप, आणि सगळ्यांत निलाजरा. सक्ती कागदावर कुठेच नाही, पण बँकेचा ओटीपी फोनवर, रेशनची केवायसी फोनवर, शाळेची सूचना फोनवर, आणि २०२१ पासून पिकाची नोंदसुद्धा शेतात उभं राहून फोनवर. फोन बंद म्हणजे वावरात पीक उभं असून कागदावर पडीक. चहा एक दिवस सोडला की दहा रुपये वाचतात. सुगीच्या दिवसांत पंधरा दिवस फोन उशाला पडून राहिला, तरी एक पैसा वाचत नाही, उलट त्या दिवसांचा डेटा रोज मध्यरात्री जप्त होतो. सल्लागाराचं एक गणित बरोबर आहे, रोजचा एक चहा वर्षाला ३,६५० रुपयांना पडतो, म्हणजे एका फोनच्या जवळपास. पण टपरीवाला त्या दहा रुपयांत बसायला फळकुट देतो, चार माणसांची गाठ घालून देतो, बाजारभाव सांगतो, आणि महिना ३१ दिवसांचा असला तर ३१ दिवस टपरी उघडतो. ‘सोयाबीनले भाव नाई, अन् हा म्हन्ते चहा सोड,’ असं कुणी चिडून म्हणालं, तर ते अर्थशास्त्रच आहे, फक्त वऱ्हाडीत.

घरातल्या पैशाला पाय फुटायला दुसऱ्या वाटा नाहीत, असं मुळीच नाही. खर्रा आहे, २०१२ पासून बंदी असूनही पानटपरीवर मिळणारा गुटखा आहे, लग्नातला डीजे आहे, कर्ज काढून उठवलेल्या पंगती आहेत. त्या खर्चांना त्यांचे भोगणारे आणि त्यांच्या बायका रोज शिव्या घालतात, म्हणजे निदान ते दिसतात. २८ चा आकडा कुणी शिवी घालण्याइतकाही पाहिलेला नाही, आणि न दिसणारी गळती हीच सगळ्यांत पक्की. उपाय काही अवघड नाही, त्याला वहीही लागत नाही. ‘महिना’ हा शब्द वापरायचा असेल तर ५ तारखेला केलेलं रिचार्ज पुढच्या ५ तारखेपर्यंत चालू राहिलं पाहिजे. ते जमत नसेल तर पुडीवर जशी किंमत छापतात, तसा दिवसाचा दर मोठ्या अक्षरात, पहिल्या ओळीत छापा, म्हणजे बाजारात वांग्याचा भाव विचारणारी बाई याचाही भाव विचारेल आणि पाचात दोन कमी करून मागेल. आणि दोन्ही जमत नसेल, तर ज्याने तेरावा महिना काढला त्यानेच त्या महिन्यात येणारं एखादं पीकही काढावं. हमीभाव आम्ही मागणार नाही.