विज्ञानकथेतला हॉटेलसमूह : जालना जिल्ह्यासाठी मार्गदर्शिका

विज्ञानकथेतला करमणूक व हॉटेल समूह म्हणजे पाहुण्याला निजायला खोली देणारी, खोलीबाहेर हवे ते स्वप्न पुरवणारी आणि कथा संपत आली की त्याच्याच जिवावर उठणारी कंपनी. या घराण्याचा मूळपुरुष डेलॉस. मायकल क्रायटनच्या १९७३ सालच्या ‘वेस्टवर्ल्ड’ चित्रपटात ही कंपनी दिवसाला १,००० डॉलर घेते आणि गिऱ्हाइकाला काउबॉयच्या, मध्ययुगीन किंवा रोमन दुनियेत सोडते. तिथले यंत्रमानव आधी मुकाट गोळ्या खातात, मग घालू लागतात. त्याआधी १९६८ मध्ये ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’तल्या अंतराळस्थानकावर हिल्टनची पाटी दिसली होती. खुद्द बॅरन हिल्टन यांनी १९६७ साली चंद्राच्या पृष्ठभागाखाली शंभर खोल्यांचे हॉटेल बांधण्याची कल्पना चेहऱ्यावरची रेषही न हलवता मांडली होती.

मराठी विज्ञानकथेचा ओढा मात्र प्रयोगशाळेकडे. शास्त्रज्ञ उतरतो कुठे आणि जेवतो कुठे, याची कथेला फिकीर नसते. ही उणीव जालना जिल्ह्यातून भरून काढता येते.

पहिला प्रश्न जागेचा. नवशिक्या लेखकाचा हात थेट लोणारकडे जातो, कारण उल्कापाताने बेसाल्टात पडलेले विवर मंठा तालुक्याची हद्द ओलांडली की जवळच आहे. हा मोह टाळावा. लोणार बुलढाणा जिल्ह्यात येते, ते अभयारण्य आहे, शिवाय २०२० पासून रामसर यादीत आहे. तिथे परग्रहवासी उतरवणे सोपे. वनखाते, पुरातत्त्वखाते आणि पाणथळ जागांचे नियम यांतून बांधकाम परवाना काढणे विज्ञानकथेच्याही कक्षेबाहेरचे. विवर सहलीपुरते ठेवावे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. माहितीपत्रकात याचे श्रेय कंपनीने स्वतःकडे घेतल्यास वाचक ते खपवून घेतो.

मुख्यालय जालना शहरातच असावे. सांगाड्याला लागणारी सळई इथल्या पोलाद कारखान्यांत तयार होते. अंतराळातल्या शेतीला बियाणे लागते, आणि बद्रीनारायण बारवाले यांनी महिको या बियाणे कंपनीची स्थापना १९६४ साली इथेच केली. स्वागताचे पेय म्हणून निळा, धूर सोडणारा द्रव देण्याची प्रथा बंद करून मोसंबीचा रस द्यावा. दळणवळणाचे म्हणाल तर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो. यानाच्या वेळापत्रकात मात्र एक धोका गृहीत धरावा : जालन्याहून मुंबईला जाणारी वंदे भारत २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवली गेली. जालन्याहून सुटणारे यान तिसऱ्या प्रकरणापर्यंत नांदेडहून सुटू लागेल, आणि जालनेकरांना खिडकीची जागा मिळणार नाही.

आता पाणी. कृत्रिम गुरुत्वाकर्षणाला लेखकाने दोन ओळी द्याव्यात, पाण्याला दोन पाने. शहराची तहान निजामकाळातल्या घाणेवाडी तलावावर आणि जायकवाडीहून येणाऱ्या जलवाहिनीवर अवलंबून आहे, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात जालना सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्यामुळे तरंगता पोहण्याचा तलाव दाखवायचा तर त्याखाली टँकरची रांग आणि टँकरवाल्याशी हुज्जत घालणारा मॅनेजर दाखवावा लागतो. मंगळावर बर्फ आहे, ही सबब जालन्याचा वाचक ऐकून घेत नाही. बर्फ वितळवून आणायचे भाडे कोण देणार, हे तो विचारतो.

काउंटर हा या व्यवसायाचा आत्मा. बुबुळ पाहून दार उघडणारी यंत्रणा खुशाल ठेवावी, पण शेजारी लांबट, लाल कापडी पाठीचे रजिस्टर हवेच. रकाने ठरलेले : नाव, वय, व्यवसाय, कोठून आले, कोठे जाणार, सोबत किती इसम, येण्याचे कारण. देवयानी दीर्घिकेतून आलेल्या त्रिनेत्री प्रवाशाने शेवटच्या रकान्यात ‘खासगी काम’ लिहावे, आणि काउंटरवरच्या पोऱ्याने मान वर न करता म्हणावे, “काका, आधारची झेरॉक्स द्या, अन् चोवीस तासांच्या वर एक तास झाला की दुसरा दिवस लागतो बरं का.” वेगवेगळ्या ग्रहांवर दिवसाची लांबी वेगळी असल्याने या एका वाक्यातून कादंबरीभर पुरेल एवढे भांडण निघते.

करमणूक विभागासाठी परदेशी नमुन्याकडे पाहण्याचे कारण नाही. तमाशाचा फड हा तंबू, रंगमंच, कलावंत आणि भटारखाना ट्रकवर लादून फिरणारा समूहच असतो. नारायणगावला फडमालक राहुट्या टाकतात, गावोगावचे पंच तिथे येऊन जत्रेची सुपारी देतात. आकाशगंगेतल्या ग्रहांचे पंच तिथेच आणून बसवावेत. कार्यक्रमाचा क्रम गण, गवळण, बतावणी, वग असाच ठेवावा. यंत्रमानवाला मावशीची भूमिका दिली तर ती निभावते. सोंगाड्या मात्र जिवंत माणूसच असावा, कारण समोर बसलेल्या सरपंचाला कितपत चिमटा काढायचा, हे त्याला ऐनवेळी ठरवावे लागते.

दर ठरवताना डिस्नेचे उदाहरण समोर ठेवावे. फ्लोरिडात मार्च २०२२ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातले शंभर खोल्यांचे ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ सुरू झाले. खिडक्यांच्या जागी पडदे होते, त्यांवर अंतराळ दिसे. दोघांना दोन रात्रींचे सुमारे ४,८०० डॉलर पडत. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बंद झाले. यंत्रमानवांनी बंड केले नव्हते. जालन्यात एवढ्या पैशांत मंगल कार्यालय, मांडव, घोडा आणि वऱ्हाडाचे जेवण उरकते, आणि मुलगी खरोखर सासरी जाते.

शेवटी अनर्थ. त्याशिवाय ही कथा छापली जात नाही. ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये तंत्रज्ञ बंड शमवण्यासाठी वीज तोडतात, नियंत्रणकक्षाची दारे उघडत नाहीत आणि ते आतच गुदमरतात. हा प्रसंग मराठवाड्यात जसाच्या तसा उचलू नये. लाइट जाणार, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक असते. इन्व्हर्टर असतो, जनरेटर असतो आणि दाराला बाहेरून साधी कडी असते. इथला अनर्थ वेगळा शोधावा. लग्नसराईत एकच सभागृह एकाच मुहूर्तावर दोन ग्रहांच्या वऱ्हाडांना दिले गेले, तर यंत्रमानवांची गरजच उरत नाही.

कथा तयार झाली की ती स्पर्धेला पाठवावी. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाने आपले नाव लपवावे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. कथेतल्या कंपनीला मात्र जालन्यातल्या कुठल्याही चालू लॉजचे नाव देऊ नये, मालक वाचतात.