कृपया लाइनवर राहा

दुपारचे सव्वादोन. डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमध्ये एका निवृत्त गृहस्थांचा फ्रिज सकाळपासून पाणी सोडतो आहे. खाली जुना पंचा अंथरलेला. टेबलावर फोन स्पीकरवर टाकलेला, शेजारी बिलाची झेरॉक्स, वॉरंटी कार्ड आणि चष्म्याची रिकामी डबी. मराठीसाठी तीन दाबून झाले, तक्रारीसाठी दोन दाबून झाले, मोबाइल क्रमांक बरोबर असल्यास एक तेही दाबून झाले. आता फक्त ऐकायचे उरले आहे. एक अतिशय आनंदी बाई सांगताहेत, की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग सतार. मग त्याच बाई, तितक्याच आनंदात, आमचा नवा दोन दारांचा फ्रिज आजच घरी आणा. गृहस्थ फ्रिजकडे बघतात. फ्रिज आणखी थोडे पाणी सोडतो.

"अहो, मघापासून कोणाशी बोलताय?" आतून विचारणा होते.

"बोलतोय कुठं? ऐकतोय."

हे ऐकणे फुकटचे नाही. त्याची पद्धतशीर शेती केली जाते. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचक पान उलटून टाळतो, टीव्हीवरची लागली की कुकर लावायला उठतो, यूट्यूबवरची पाच सेकंदांत उडवतो. होल्डवरचे गिऱ्हाईक मात्र स्वतः नंबर फिरवून आलेले असते, कामाचे असते, आणि फोन ठेवला तर रांगेतला नंबर जाईल या भीतीने जागचे हलत नाही. थोडक्यात, शाळेत गृहपाठ न करणाऱ्या मुलासारखे ते कान धरून उभे असते. जाहिरातवाल्याला याहून चांगला श्रोता मिळणे कठीण. म्हणून होल्डवर वाजवायचे संदेश लिहिणारे, त्यांना आवाज देणारे आणि 'या महिन्यात गणपती, पुढच्या महिन्यात दिवाळी' अशा बेताने ते बदलून देणारे अनेक व्यावसायिक जगभर आहेत. विचार म्हणून तो चुकीचा नाही. नाही तरी माणूस थांबलाच आहे, तर दुकान रविवारी किती वाजेपर्यंत उघडे असते एवढे तरी त्याला सांगावे.

याची सुरुवात मात्र जाहिरातीतून झाली नाही, एका सुट्या वायरीतून झाली. अमेरिकेतल्या आल्फ्रेड लेव्ही या कारखानदाराच्या टेलिफोनची एक वायर कारखान्याच्या लोखंडी तुळईला टेकली होती. शेजारी रेडिओ केंद्र होते. तुळईमुळे अख्खी इमारतच अँटेना झाली आणि होल्डवर ठेवलेल्यांना शेजारच्या केंद्राची गाणी ऐकू येऊ लागली. आपल्याकडे असे झाले असते तर लाइनमनला फोन गेला असता, तो तीन दिवसांनी आला असता आणि वायर तोडून गेला असता. लेव्हीने १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९६६ मध्ये ते मंजूर झाले. त्याचे म्हणणे साधे होते. फोनवर निव्वळ शांतता असली की माणसाला वाटते लाइन कट झाली, मग तो ठेवून देतो, किंवा पुन्हा फिरवतो आणि रांग आणखी वाढवतो.

शांततेचे हे भय आजही गेलेले नाही. मोबाइलवर समोरचा गप्प झाला की त्याचा फोन आवाज पाठवणेच थांबवतो, बॅटरी वाचते. पण मग आपल्या कानात इतकी सामसूम होते की आपण 'हॅलो, हॅलो' सुरू करतो. म्हणून आपला फोन त्या जागी स्वतःच तयार केलेली हलकी खरखर भरतो. अभियंते तिला सुखाची खरखर म्हणतात. म्हणजे शास्त्रज्ञांनी आधी खरखर काढण्यासाठी उभी हयात घालवली आणि मग ती परत आणून बसवली.

संगीताचे तेवढे नशीब नाही. टेलिफोनची वाट पहिल्यापासून बोलण्यापुरती बांधलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज तिच्यातून पलीकडे जातो. तबला लावला तर डग्ग्याचा घुमारा दारातच अडतो आणि पलीकडे पोचते ती नुसती चाट. त्यात मोबाइल आवाजाची घडी घालताना माणसाचा घसा आणि तोंड कसे चालते याचा हिशेब धरतो. सतारीला घसा नसतो. त्यामुळे मशीन तिला माणूस समजून तिचे बोलणे समजून घेऊ पाहते आणि आपल्याला विहिरीत पडलेल्या कलावंताची मैफल ऐकू येते. डोंबिवलीच्या गृहस्थांनी पंचवीस वर्षे सवाई गंधर्व महोत्सवाची वारी चुकवलेली नाही. राग कोणता हे त्यांना अजून ओळखता आलेले नाही, आणि याचा त्यांना फ्रिजपेक्षा जास्त त्रास होतो आहे.

तरीही या विहिरीत एक रचना अजरामर झाली. कॅलिफोर्नियात १९८९ च्या सुमारास टिम कार्लटन आणि डॅरिक डील या दोन पोरसवदा मित्रांनी घरच्या गॅरेजमध्ये सिंथेसायझरवर एक धून ध्वनिमुद्रित केली. नाव ठेवले 'ओपस नंबर वन'. पुढे डील सिस्को या कंपनीत लागला आणि ती धून तिथल्या टेलिफोन यंत्रणेत होल्डसाठी आयती बसवलेली धून झाली. कोट्यवधी लोकांनी ती तासन् तास ऐकली असेल, एकानेही तिकीट काढले नाही. इतके ऐकले जाऊनही कलावंतांना कोणी नावाने ओळखत नाही, हे आपल्या हार्मोनियमवाल्यांना नवे वाटणार नाही.

धुनीचे पैसे कोणी द्यायचे, यावर तर ऑस्ट्रेलियात मोठा खटला झाला. टेल्स्ट्रा या टेलिफोन कंपनीच्या लाइनवर होल्डला गाणी वाजत. संगीतकारांच्या संस्थेने मानधन मागितले. कंपनीचा बचाव असा, की एका वेळी एकाच्याच कानात वाजणारे गाणे जाहीर कार्यक्रम कसा? तिथल्या हायकोर्टाने, जे त्यांचे सर्वोच्च न्यायालय, १९९७ मध्ये निकाल दिला, की असे एकेकटे थांबलेले सगळे मिळून जनताच होते. तेव्हा होल्डवर एकटे वाटले तर लक्षात ठेवावे. कायद्याने आपण सभेत आहोत.

आता धंद्याचा मुद्दा. हार्वर्डमधले डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक छोटा लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. रिकामे थांबणे भरलेल्या थांबण्यापेक्षा लांब वाटते. किती वेळ ते माहीत नसलेले थांबणे माहीत असलेल्यापेक्षा लांब वाटते. होल्डवर संदेश वाजवणाऱ्यांनी यातले पहिले वाक्य घोटून पाठ केले आणि दुसरे ऑप्शनला टाकले. म्हणून बाई फ्रिजची क्षमता लिटरमध्ये सांगतात, हप्त्यांची सोय सांगतात, फक्त आपल्या पुढे किती जण आहेत ते सांगत नाहीत. आणि दर चाळीस सेकंदांनी सतार तोडून बोलतात. सतार थांबली की गृहस्थांना वाटते कोणीतरी फोन उचलला. ते ताठ बसून "हॅलो, नमस्कार, माझा फ्रिज..." म्हणेपर्यंत पलीकडून पुन्हा महत्त्व सुरू होते. चौथ्या वेळी "नमस्कार" गळाले. सातव्या वेळी जे उरले ते इथे छापता येत नाही.

दुसरी चूक त्याहून ढोबळ. फोन का केला आहे, हे तीन बटणे दाबून ग्राहकाने सांगितलेले असते. तरी तक्रारवाल्याला आणि खरेदीवाल्याला एकच कॅसेट. ज्याचा फ्रिज गळतो आहे त्याला 'बर्फ कसा साफ करावा' किंवा 'गळत असेल तर मागची नळी तुंबली आहे का पाहा' असे सांगितले असते, तर निम्म्या लोकांनी फ्रिज भिंतीपासून ओढून फोन ठेवला असता. दवाखान्याने होल्डवर 'उपाशीपोटी तपासणीला किती तास आधी खाऊ नये' सांगावे. गॅस एजन्सीने 'बुकिंगला ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा' म्हणावे. ही जाहिरात नव्हे असे मालकाला वाटते. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुकानाचे नाव त्यानेच बसते, आरत्या ओवाळल्याने नव्हे.

ही कला आपल्याकडे फोनच्या आधीपासून आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना दम खायचा असतो. बुक्का लागतो, हार पडतो, नामाचा गजर होतो, आणि श्रोते चपला शोधायला न उठता उत्तररंगापर्यंत बसून राहतात. तमाशात वग सुरू होईपर्यंत गण, गौळण आणि बतावणीने फड धरून ठेवला जातो. त्या मधल्या वेळात सोंगाड्या 'आपले येणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे' असे सात वेळा म्हणाला असता, तर तंबू कोणी उपटला असता ते सांगायला नको.

आणि आवडेल असे काही दिले तर माणूस आपणहून होल्डवर जातो, याचाही पुरावा भारतातलाच आहे. बिहार आणि झारखंडच्या खेड्यांत वीज बेभरवशाची होती, टीव्हीवरची जाहिरात पोचत नव्हती, पण मोबाइल घरोघरी गेला होता. हिंदुस्तान युनिलिव्हरने तिथे 'कान खजुरा टेसन' काढले. दिलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो आणि गाणी, विनोद, गप्पा फुकट ऐकायला मिळतात. मधे मधे साबण आणि क्रीम. लोक पुन्हा पुन्हा मिस्ड कॉल देत. २०१४ मध्ये कान जाहिरात महोत्सवात या मोहिमेला सुवर्णपदके मिळाली, आणि 'कान' या शब्दाला यापेक्षा योग्य ठिकाणी बक्षीस मिळणे शक्य नव्हते.

शहरांत तेव्हा कॉलर ट्यूनचे राज्य होते. फोन करणाऱ्याने काय ऐकावे यासाठी फोन घेणारा दरमहा पैसे मोजी. वकिलांकडे गायत्री मंत्र, इस्टेट एजंटाकडे शिर्डी. 'सैराट' २०१६ मध्ये आला आणि त्यानंतर कित्येक महिने महाराष्ट्रात सांत्वनासाठी फोन करणाऱ्यांना आधी 'झिंगाट' ऐकावे लागले. समोरचा दुःखी आवाजात "बोला" म्हणेपर्यंत आपला पाय हललेला असे.

मग मार्च २०२० उजाडला आणि सरकारने सगळ्यांना एकाच ट्यूनवर आणले. फोन लावला की आधी खोकला. लोक दचकून फोन कानापासून दूर धरू लागले, जणू तिथूनही लागण होईल. नंतर अमिताभ बच्चन यांचा आवाज आला. तो काढावा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये लशीचा नवा संदेश जसलीन भल्ला यांच्या आवाजात सुरू झाला. पुढे सायबर फसवणुकीचा इशारा घेऊन बच्चन परत आले. तो इशारा जून २०२५ मध्ये थांबला. संदेश उपयोगाचे होते, यात वाद नाही. पण शंभराव्या वेळी ऐकताना कोणी सावध होत नाही, फक्त भाजी चिरून होते. रुग्णवाहिकेला फोन लावणाऱ्यालाही तोच धडा ऐकावा लागला, हे मात्र विनोदात बसत नाही.

थांबवण्याला काही मर्यादा आहे का? टेलिफोन कंपन्यांपुरती आहे. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०१२ मध्ये घालून दिलेल्या निकषानुसार ९५ टक्के कॉल नव्वद सेकंदांच्या आत माणसाने घेतले पाहिजेत. जर्मनीत २०१३ पासून अनेक विशेष क्रमांकांवर होल्डच्या वेळेचे पैसे ग्राहकाकडून घेता येत नाहीत. फ्रिजवाल्यांना यातले काहीच लागू नाही. ते टोल फ्री देतात, म्हणजे पैसे त्यांचे आणि दुपार आपली.

डोंबिवलीत तीन वाजून पाच मिनिटांनी सतार मधेच तुटली. गृहस्थ हलले नाहीत. पलीकडून एक थकलेला मुलगा म्हणाला, "नमस्कार सर, आपली काय मदत करू शकतो?" गृहस्थांना विश्वास बसेना. त्यांनी जाहिरात समजून आठ सेकंद वाट पाहिली, तेवढ्यात त्या मुलाने प्रतिसाद नाही म्हणून फोन ठेवला.

तेव्हा मालक मंडळींना एकच विनंती. तुमच्याकडे साहेबांचा थेट नंबर असतो, म्हणून तुम्ही हे कधी ऐकलेले नसते. एखाद्या सोमवारी सकाळी अकरा वाजता स्वतःच्या टोल फ्रीवर, नाव न सांगता, फोन लावून बघा. मराठीसाठी तीन दाबा.