खोकेकाका

"तुमच्या मिस्टरांचा नऊ नंबर ना?"

रेक्समच्या नव्या घरात सामान लावून आठवडाही झाला नव्हता. दारात सत्तरीचे एक उंच गृहस्थ उभे. शेजारी ओळख करून घ्यायला आले असावेत, म्हणून मी चहा टाकायला वळले, तर मागून हा प्रश्न. नऊ नंबर म्हणजे बुटाचा. दाराशी काढून ठेवलेल्या जोडावरून त्यांनी तो ताडला होता. हवा होता तोही बूट नव्हे, त्याचं रिकामं खोकं. नऊचं खोकं सगळ्यात बरं. सहाच्या खोक्यात चेंडू बसत नाही आणि अकराचं भरता भरत नाही.

तेव्हापासून मनातल्या मनात मी त्यांना खोकेकाका म्हणते. (महाराष्ट्रात हल्ली खोके म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. हे खोके वेगळे.)

रेक्सम म्हणजे उत्तर वेल्समधलं जुन्या कोळसाखाणींचं शहर. इथल्याच डेव्ह आणि जिल कुक या जोडप्याने १९९० साली रोमानियातल्या अनाथाश्रमांतल्या मुलांसाठी नाताळच्या भेटी न्यायला सुरुवात केली. पुढे १९९३ मध्ये एका अमेरिकन ख्रिस्ती संस्थेने ते काम उचललं आणि बुटांची खोकी जगभर जाऊ लागली. काका त्याच हवेतले, पण त्यांचा कारभार स्वतंत्र. चॅपलमधले चार म्हातारे आणि एक व्हॅन. मानाच्या गणपतीच्या मांडवापासून दोन गल्ल्या सोडून एखादं मंडळ आपली पेटी-तबला वाजवत बसलेलं असतं ना, तसं.

काकांची आवडती पालुपदं दोनच. पहिलं वाक्य, "हे तुम्हाला लागतंय का?" आमच्याकडे येणाऱ्या बोहारणीची नजर मला तेव्हा आठवते. पडद्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळ्याचा अंदाज घेणारी. फरक इतकाच की बोहारीण निदान एक पातेलं देऊन जायची. दुसरा शब्द, "मावेल." लोकरीची टोपी, हातमोजे, साबण, रंगपेटी, दोन वह्या आणि एक चेंडू एकाच खोक्यात? मावेल. चेंडूतली हवा काढायची आणि पंप बाजूला खुपसायचा. माझा भाऊ पहिल्यांदा अमेरिकेला निघाला तेव्हा आईने तेवीस किलोंच्या बॅगेत मेतकुटाच्या पुड्यांभोवती मोजे गुंडाळले होते. ती आणि काका कधी भेटले नाहीत, हे विमान कंपन्यांचं भाग्य.

खोकी भरायचा शनिवार नोव्हेंबरात, म्हणजे बरोबर दिवाळीच्या आगेमागे. खोकं आणि झाकण यांना वेगवेगळा रंगीत कागद लावायचा, म्हणजे वाटेत कुणी तपासायला उघडलं तरी कागद फाटत नाही. पातळ पदार्थ नकोत, खेळण्यातली बंदूक नको, खाऊ नको. मी पहिल्या वर्षी हौसेने बेसनाचे लाडू नेले. काकांनी फार दिलगिरी व्यक्त करत ते खोक्यातून बाहेर काढले, आणि मग तीन खाल्ले. दुसऱ्या वर्षी पुण्याहून भोवरे आणले. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, लहान मुलाच्या गळ्यात अडकेल का, यावर समिती बसली. शेवटी खुद्द काका प्रयोगाला उभे राहिले. पाऊण तासात त्यांनी चॅपलचा एक कप आणि एका आजीबाईंचा चष्मा फोडला, आणि भोवऱ्यांवर "वय दहा ते चौदा" अशी चिठ्ठी लावली. एक भोवरा मात्र त्यांच्या कोटाच्या खिशात गेला. मी पाहिलं.

२०२१ पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यवहारातून पुरतं बाहेर पडलं आणि जकातीचे कागद परत आले. मोजे किती जोड, टोप्या किती, नवे की वापरलेले, सगळं लिहून द्यायचं. काका चारचौघांत सरकारला शिव्या घालतात, पण घरी रात्र रात्र याद्या करताना त्यांचा चेहरा दिवाळी अंक हातात पडल्यासारखा असतो. मोजे म्हणजे ६११५, टोप्या ६५०५, जुने कपडे ६३०९, हे जकातीचे आकडे त्यांना तोंडपाठ. परवा आमच्या ह्यांचा तपकिरी कोट पाहून ते नुसतं "६३०९" असं पुटपुटले. ह्यांना वाटलं, लॉटरीचा नंबर.

व्हॅन निघते त्या पहाटे आपण नारळ फोडतो तसे ते बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना करतात. प्रार्थनेत गाडीचा नंबर येतो, डाव्या मागच्या चाकाची हवा येते, हंगेरीतल्या रस्त्याची दुरुस्ती येते. देवाला मोघम सांगून चालत नाही, असा त्यांचा अनुभव असावा. मी एकदा विचारलंच, "त्या मुलांनी मग येशूला मानायचं का?" ते कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "मी मापाच्या टोप्या नेतो, लव्ह." ('लव्ह' म्हणजे इकडचं 'ताई'.)

रोमानियाच्या पहिल्या खेपेबद्दल ते स्वतः बोलत नाहीत. काकूंकडून कळतं ते तेवढंच. तिथल्या हुकूमशहा चाउशेस्कूला देशाची लोकसंख्या वाढवायची होती. १९६६ साली त्याने गर्भपातावर बंदी घातली, संततिनियमनाची साधनं मिळेनाशी झाली. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या पाट्या वाचत वाढलेल्या मला हे आधी खरंच वाटेना. पोसवत नाहीत म्हणून आईबापांनी मुलं सरकारी आश्रमांत ठेवली. १९८९ च्या डिसेंबरात तो गेला आणि दारं उघडली, तेव्हा आत लाखाच्या वर मुलं होती. कितीएक पुढे रस्त्यावर आली. बुखारेस्टच्या गारा दे नोर्द स्टेशनाजवळ, घरं तापवायच्या गरम पाण्याच्या नळांशेजारी, जमिनीखालच्या बोगद्यांत राहायला लागली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ऑरोलाक नावाचा चंदेरी रंग, तो हुंगायचा.

तिथे एका पोराला काकांनी स्वतः खोकं दिलं. दुसऱ्या दिवशी त्यातली टोपी स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याच्या डोक्यावर! काका दिवसभर जेवले नाहीत. पुढच्या खेपेला त्याच पोरासाठी दोन टोप्या नेल्या, एक विकायला आणि एक घालायला. सगळ्या हिशेबांत हा हिशेब त्यांनी कुठल्याच यादीत लिहिलेला नाही.

आता रोमानियातले ते मोठे आश्रम बहुतेक बंद झालेत. २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालचं मूल संस्थेत ठेवायला बंदी आली. काकांची व्हॅन हल्ली ईशान्येकडच्या खेड्यांत जाते. तिथल्या एका बाईने त्यांना सांगितलं, चेंडू छान आहे, पण लाकूड संपलं की मुलाला हिवाळ्यापुरतं कुणाकडे तरी ठेवावं लागेल. म्हणजे आता हवीत सरपणाची गाडीभर लाकडं. ती तिकडेच विकत घ्यायची, त्याला पैसे लागतात.

आणि इथेच काकांची पंचाईत आहे. जुना कोट, अर्धी रंगपेटी, परक्या पुरुषाच्या बुटाचं माप, काहीही ते बेधडक मागतील. पैसे मागवत नाहीत. परवा दारात उभं राहून वीस मिनिटं पावसावर बोलले, नंतर गोगलगाईंवर. शेवटी मीच आत गेले, नऊ नंबरच्या खोक्यात वीस पौंडांची नोट टाकली, झाकण लावून रबर बँड चढवला आणि हातात दिलं. त्यांनी ते कानाशी हलवून पाहिलं. आवाज येईना. चेहरा खुलला.

दहा मिनिटांनी परत बेल. हातात गिफ्ट एडचा फॉर्म. मी कर भरते असं सही करून दिलं की सरकार वीसाचे पंचवीस करतं. फॉर्म मागायला त्यांना मुळीच लाज वाटत नाही. मी सही करेपर्यंत ते दाराशी ह्यांच्या नव्या बुटांकडे बघत उभे होते.

"खोकं?" मी विचारलं.

"ते लागतंय का तुम्हाला?"