टिंबटिंब मंडळींस अनावृत पत्र

परदेशस्थ समस्त बँडमंडळींनो,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, मी एका मराठी दैनिकाच्या पुरवणीचा मुद्रितशोधक आहे. आपण गाणी करता, आमची तरुण मंडळी त्यांवर भरभरून लिहितात आणि पान सोडायच्या घाईत आपली नावे माझ्या टेबलावर येऊन पडतात. गाण्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. ती मला ऐकावी लागत नाहीत. नावे मात्र तपासावी लागतात.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या बंधूंपासून सुरुवात करतो. १९९६ पासून यांचे नाव नुसते ‘!!!’ आहे. ‘द गॉड्स मस्ट बी क्रेझी’ या चित्रपटाच्या सबटायटल्समध्ये खोइसान भाषांमधल्या टकटक ध्वनींसाठी हे चिन्ह वापरले होते, तिथून ते उचलले. उच्चार विचाराल, तर कोणताही एकाक्षरी आवाज तीनदा काढावा. रूढ आहे ते ‘चक चक चक’. काय हे औदार्य! आमच्या वार्ताहराने मथळा दिला : ‘!!!’चा नवा अल्बम आला! एका ओळीत एकच उद्गारचिन्ह, हा आमचा दंडक. इथे चार; त्यांतली तीन आपली, एक आमचे. कापू कोणते? फोनवरून खात्री करून घ्यावी, तर ‘च्च च्च च्च’ ऐकून पलीकडचा हळूच विचारतो, “कोण गेलं हो?”

माँट्रियलकरांचे उद्गारचिन्ह तर फिरतीवर असते. आधी ते ‘गॉडस्पीड यू ब्लॅक एम्परर!’ असे शेवटी होते. २००२च्या सुमारास ते तिथून उठले आणि ‘यू’ला जाऊन चिकटले. ‘पॅनिक! ॲट द डिस्को’वाल्यांनी २००८मध्ये आपले चिन्ह काढून टाकले आणि २००९मध्ये पुन्हा लावले. अहो, तलाठ्याच्या बदलीचासुद्धा लेखी आदेश निघतो!

सिएटलच्या ‘सन’ मंडळींना माझा वेगळा नमस्कार. ॲम्प्लिफायरच्या एका कंपनीवरून यांनी नाव घेतले आणि तिच्या बोधचिन्हातला गोल व त्यातून निघणाऱ्या लहरीही सोबत आणल्या. त्यामुळे नावापुढे एक गोल आणि तीन कंस आले. ते फक्त पाहायचे, उच्चारायचे नाहीत. बरे, तिन्ही कंस बंद होणारे, उघडणारा एकही नाही! मुद्रितशोधकाच्या जिवाला याहून मोठा घोर नाही. अर्धा कॉलम वर जाऊन मी उघडणारा कंस शोधत बसतो.

आता टिंबवाले. मोटरहेडच्या ‘ओ’वर दोन टिंबे आहेत, ती उग्र दिसावे म्हणून दिली, असे त्यांचा गायक लेमी यानेच सांगून ठेवले आहे. लॉस एंजेलिसच्या ‘मॉटली क्रू’ला १९८१मध्ये टिंबे सुचली ती जर्मन बिअरच्या बाटलीवरून, असे म्हणतात. जर्मन लोक त्या टिंबांचा उच्चार खरोखरच करतात, हा तपशील बाटली संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आला नसावा. ‘स्पायनल टॅप’ या थट्टेखातर उभ्या केलेल्या बँडने तर ‘एन’ या व्यंजनावरच टिंबे दिली. थट्टा कुठली आणि खरे कुठले, हे मला आजही ठरवता येत नाही.

आमच्या लिपीत डोक्यावरचे एक टिंब म्हणजे अनुस्वार आणि शेजारची दोन म्हणजे विसर्ग. डोक्यावर दोन टिंबांची सोय आमच्या बाराखडीत नाही. शिवाय, जे उच्चारले जात नाहीत ते अनुस्वार देऊ नयेत, असा नियम मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनात १९६२ सालीच झाला. त्यापायी आमच्या आजोबांच्या पिढीची कितीतरी टिंबे पुसली गेली आणि त्यावरून भांडणेही पुष्कळ झाली. आम्ही घरची मुकी टिंबे काढून टाकली ती आपली जपायला नव्हे.

त्यातल्या त्यात सौजन्य दाखवले ते गायक प्रिन्सने. १९९३मध्ये त्याने नावाऐवजी उच्चारच नसलेले एक चिन्ह घेतले खरे. पण त्याच्या रेकॉर्ड कंपनीने वृत्तपत्रांना त्या चिन्हाच्या फॉन्टची फ्लॉपी तरी पाठवली. नाव बोलता येत नव्हते, निदान छापता येत होते.

आदर्श म्हणून मी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या मंडळींकडे बोट दाखवीन. केस वाढवू न देणाऱ्या लेनर्ड स्किनर या व्यायामशिक्षकांचे नाव त्यांनी बँडला दिले आणि स्वर गाळून, ‘वाय’ कोंबून ते पार वाकडे केले. पण १९७३च्या पहिल्याच अल्बमचे शीर्षक म्हणून त्यांनी नावाचा उच्चार छापला : लेनर्ड स्किनर्ड. लोकांना कोड्यात पाडले, तर उत्तर देण्याची जबाबदारीही आपलीच, हे त्यांना कळत होते.

तेव्हा मागणी माफक आहे. नाव वाटेल ते ठेवा, पण पहिल्या अल्बमवर त्याचा उच्चार छापा. आणि चिन्ह हलवणार असाल, तर पान सुटायच्या आत कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक मुद्रितशोधक