डॉक्टर यायच्या आधी

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या माणसाला इंग्रजीतलं बाकी काही येवो न येवो, एक वाक्य झोपेतून उठवलं तरी येतं. द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम. मी ते आठवीत पाठ केलं. पेशंटला झालं काय होतं आणि डॉक्टर वाटेत कुठे अडकला होता, हे मी सरांना विचारलं, तेव्हा त्यांनी फळ्यावर 'हॅड'च्या खाली दोन रेघा ओढल्या. म्हणजे मयत महत्त्वाचं नव्हतं, 'हॅड' महत्त्वाचं होतं.

पुढे सरकारी खात्यात कारकुनी केली. तिथे सगळंच 'करण्यात येत आहे' असतं. कोण करतंय ते कधी कळत नाही. त्यामुळे काळ शिकायचा राहून गेला, तो निवृत्तीनंतर गळ्याशी आला. नातू इंग्रजी माध्यमात. एकदा दुपारी त्याने विचारलं, "आजोबा, हॅव यू ईटन?" मी ऐटीत म्हणालो, "यस, आय ॲम ईटन." त्यावर तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बाय हूम?"

माझी यात काय चूक? मराठीत आपण 'जेवलो आहे' म्हणतो. त्या 'आहे'चं मी इमानदारीत 'ॲम' केलं. पण इंग्रजीत तिथे 'हॅव' लागतं आणि 'ॲम' घातलं की माणूस जेवत नाही, जेवला जातो.

म्हणून मी गल्लीतल्या वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग धरला. आम्ही विद्यार्थी चार. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, ज्यांना गावासारखं आम्हीही 'मास्तर' म्हणतो. किराणा दुकानाचे शेठ. मिरजेच्या एका हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या आणि परदेशी जाण्याची तयारी चाललेल्या सिस्टर. आणि मी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक दोनशेपानी वही आणि बिस्किटांचा रिकामा डबा टेबलावर ठेवला. डब्यात बारा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक काळ. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने त्या काळात गोष्टीचं पुढचं वाक्य लिहायचं आणि वही शेजाऱ्याकडे सरकवायची.

असला उद्योग 1925 च्या सुमारास पॅरिसमधल्या काही कवी-चित्रकारांनीही केला होता. ते तर आधीचं लिहिलेलं झाकून पुढच्याला कागद द्यायचे. त्यांच्या खेळाला नाव पडलं 'उत्कृष्ट प्रेत'. हे मला नंतर कळलं, पण आमचंही प्रेत पहिल्याच पानावर पडलं.

सुरुवात माझी, सिंपल पास्ट. "मिस्टर पाटील वेंट टू द स्टँड." निर्दोष वाक्य. मास्तरांना प्रेझेंट कंटिन्युअस निघालं. "बस इज गोइंग." मॅडम म्हणाल्या, गेली का ती? मास्तर म्हणाले, "नाही हो. निघाली निघाली म्हणायचं असतं, म्हणजे लोक पळत येतात." बत्तीस वर्षं त्यांनी उभी गाडी भूतकाळात पाठवली होती. मग शेठ. प्रेझेंट परफेक्ट. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, "मिस्टर पाटील हॅज डाइड."

आम्ही हादरलो. तिसऱ्या वाक्यात नायक? शेठ शांतपणे म्हणाले, "मला डाइड एवढंच पक्कं पाठ आहे."

पाठोपाठ मला पास्ट कंटिन्युअस आलं आणि मी लिहिलं, "व्हेन ही डाइड, ही वॉज ईटिंग वडापाव." निदान उपाशी गेला नाही. मॅडमनी याला बरोबरची खूण दिली, शेठच्या वाक्यात तर एकही चूक नव्हती. माणूस हकनाक जावा आणि व्याकरण मात्र ठणठणीत असावं, हे इंग्रजीत होऊ शकतं.

मग सिस्टरच्या हाती पास्ट परफेक्टची चिठ्ठी आली आणि आम्ही बाकीचे तिघंही एका सुरात म्हणालो, द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम. सिस्टरनी पेन खाली ठेवलं.

"हे मी लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "घटना कुठली? सांगलीचा स्टँड. मिरज इथून दहा किलोमीटर. 1894 मध्ये डॉक्टर वानलेसनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून तिथे गल्लीगल्लीत दवाखाने. आणि तुमचा डॉक्टर दरवेळी उशिरा? आमच्या मिरजेची बदनामी आहे ही!"

सगळ्यांनाच ते पटलं. मग डॉक्टरला आधी आणायचं ठरलं. शेठनी वाक्य फिरवलं, "द डॉक्टर हॅड कम बिफोर द पेशंट डाइड." आम्ही टाळ्या वाजवणार, तोच मास्तर म्हणाले, "पण मेलाच की!"

खरंच मेला होता. डॉक्टर आधी आला काय, नंतर आला काय, पास्ट परफेक्टात फक्त रांग बदलते. कोण आधी, कोण नंतर, एवढंच तो काळ सांगतो. पेशंट वाचवणं त्याच्या अखत्यारीत येत नाही. आमच्या खात्याची आठवण झाली. तिथेही अर्जाचा क्रमांक बदलायचा, निकाल तोच.

मॅडमना वाटलं, भविष्यकाळात नेऊ. त्यांनी सांगितलं की इंग्रजीत क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. आपलं 'जाईन' तसं तिथे काही नाही, पुढे 'विल' जोडून काम भागवतात. "म्हणजे उसनवारी," शेठ खूश होऊन म्हणाले. "आपलं उलटं. उद्या माल आला की देतो, असं मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. माल आलेला नसतो, पण 'आला' म्हणायचं. उद्याचंही भूतकाळात." हे मात्र खरं. आपण घरातून निघताना 'येतो' म्हणतो, आंघोळीला बसलेले असताना फोनवर 'निघालो' म्हणतो, आणि 'मेलो मेलो' असं ओरडायला माणूस जिवंत लागतो. अशा लोकांना बारा चिठ्ठ्यांमध्ये बसवायचं म्हणजे मॅडमचं धाडसच.

मास्तरांनी तेवढ्यात वाट शोधली. त्यांनी शाळेत रेन आणि मार्टिन यांचं लाल व्याकरण वापरलेलं. ती प्रत त्यांनी घरून आणली. यातले पी. सी. रेन तेव्हाच्या मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होते, आणि पुढे 1924 मध्ये त्यांनी 'बो जेस्ट' नावाची वाळवंटातली धाडसी कादंबरी लिहिली. मास्तरांचं म्हणणं, व्याकरणवाला एवढा रंगेल असेल तर त्याने कुठेतरी चोरवाट ठेवलीच असणार. बोटाने ओळी तपासत ते मागच्या पानांवर गेले, आणि चौथ्या दिवशी सापडलं ते 'इफ'वालं प्रकरण.

सिस्टरनी लिहिलं, "ही वुड हॅव डाइड इफ द डॉक्टर हॅड नॉट कम."

मॅडमनी मोठ्याने अर्थ सांगितला. डॉक्टर आला नसता तर तो मेला असता. म्हणजे डॉक्टर आला. म्हणजे पाटील जगले! 'हॅड' होतं, 'डाइड' होतं, 'डॉक्टर' होता, 'केम'चं 'कम'सुद्धा होतं. तेच सामान, फक्त एक 'इफ', एक 'वुड हॅव' आणि एक 'नॉट' घातल्यावर माणूस उठून बसला. आठवीच्या सरांनी एवढंच शिकवलं असतं तर! (हेही त्याच काळात बोललो मी, बघा.) शेठच्या तिसऱ्या वाक्याचं काय, हा प्रश्न मास्तरांनी काढला. त्यावर शेठनी 'डाइड' खोडून वर 'फेंटेड' लिहिलं. माझ्या ओळीतही मी तेवढंच बदललं, वडापाव तसाच ठेवला.

सध्या पाटील मिरजेत ॲडमिट आहेत. परवा बिलाचं वाक्य यायचं होतं आणि शेठना चिठ्ठी निघाली ती फ्यूचर परफेक्टची: सोमवारपर्यंत त्यांनी पैसे भरलेले असतील. शेठनी चिठ्ठी परत डब्यात टाकली. म्हणाले, "दुकान चालवतो मी. असं वाक्य लिहून देणार नाही."