बगळ्याला पास लागत नाही

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचे मामा तलाव, साडेसहा हजारांहून जास्त आहेत. त्यातले बरेचसे कोहळी समाजाने धानासाठी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि एका मालकाच्या जागी मालकांची वरातच आली.

जंगलातल्या तलावाचा सातबारा तर नुसता ऐकावा. पाणी जिल्हा परिषदेचं, नाहीतर पाटबंधारे खात्याचं. मासे ठेक्याने मच्छीमार सोसायटीचे. काठावरची झाडं वनखात्याची. आणि तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर वनखात्याची साखळी. म्हणजे ढिवर मच्छीमाराने ठेक्याचे पैसे भरायचे, तलावात रोहू-कटल्याचं बीज सोडायचं आणि मासे धरायची वेळ आली की आपल्याच माशांकडे जायचं कसं, हे रेंजरसाहेबांना विचारायचं. साहेब दौऱ्यावर असतात. बगळा मात्र कुणालाच विचारत नाही. त्याचं कुठल्याही खात्यात खातं नाही, म्हणून सुखी आहे.

त्याच साखळीपलीकडे सकाळी पर्यटकांची जिप्सी जाते. पाण्याकडे लेन्स रोखली की ते निसर्गप्रेम. त्याच पाण्यात एखादी बाई झिंगे धरायला टोपली घेऊन उतरली की घुसखोरी.

आता कुणी म्हणेल, मासेमारीने जंगलाची वाट लागते. विष कालवून, जिलेटिन फोडून मासे मारणाऱ्याला खुशाल आत टाका, आमची हरकत नाही. पण नियम पाळून मासे धरता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये मान्य केलं आहे. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयासाठी मध्य प्रदेशाने ३०५ आदिवासींना परवाने दिले होते. न्यायालयाने ते रद्द केले नाहीत, अटी घातल्या: फोटोचं ओळखपत्र, ठरलेलीच वाट, धरलेल्या माशांची रोज नोंद, काठावर चूल नाही, कचरा नाही. एवढी शिस्त पर्यटकांना लावून पाहा. पुढच्या रविवारी गेटवर चिटपाखरू दिसणार नाही.

पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्क मोजताना मासे आणि पाणवठ्यांतलं इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि हा कायदा अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं यांनाही लागू आहे. संसदेने मरळ-वांबीची एवढी काळजी घेतली, पण साखळीवरच्या गार्डापर्यंत ते राजपत्र पोचायचं आहे. त्याच्याकडे असतो तो फक्त वरून आलेला तोंडी आदेश. तोंडी आदेशाचं एक बरं असतं, त्याची नक्कल मागता येत नाही.

दावा करा, ग्रामसभेचा ठराव जोडा, हक्क मिळेल, असं सांगतात. मिळतोही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली मिळाला. पण आपल्याच जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि ते द्यायला दिल्लीहून खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना यावं लागलं. बांबूचं ठीक आहे, तो दोन वर्षं थांबतो. मासा दुपारीच वास मारायला लागतो.