वाघ्यास विलायतेस धाडण्याच्या ठरावास उत्तर

सिडनी, न्यू साउथ वेल्स

तीर्थरूप आप्पांचे चरणी बालक विनायकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. उत्तन-डोंगरीच्या बाजूस बिबट्या दिसल्याची वार्ता भाईंदर पश्चिमेत येऊन थडकल्यापासून आईने दिवेलागणीलाच खिडक्या लावून घेण्यास आरंभ केला आहे, सोसायटीच्या वॉचमनने रात्रीची गस्त आपल्या खुर्चीभोवतालच्या प्रदेशापुरती मर्यादित केली आहे, आणि या धामधुमीत, ज्याच्या नावात वाघ असला तरी अंगात मांजराचीही धमक नाही, त्या आपल्या वाघ्या कुत्र्यास विमानाने आमच्याकडे रवाना करावे असा ठराव घरात एकमताने संमत झाला आहे, हे वाचून आम्हां उभयतांस प्रथम गहिवर आला आणि पाठोपाठ घाम फुटला.

ठरावाची अंमलबजावणी होणे नाही. या मुलखात कुत्र्यांचा रेबीज नाही आणि तो कधीही येऊ नये म्हणून सरकारने अशी तटबंदी उभारली आहे की तिच्यापुढे आपला जंजिरा म्हणजे वाड्याचे कुंपण वाटावे. भारतातून कुत्रा येथे थेट आणता येत नाही. त्याने आधी येथील सरकारच्या यादीतल्या एखाद्या देशात सहा महिने सलग वास्तव्य करावे, मानेत मायक्रोचिप बसवून घ्यावी, रक्ताची तपासणी द्यावी, आयातीचा परवाना मिळवावा, आणि इतके सोपस्कार आटोपून येथे उतरल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहम येथे सरकारी विलगीकरण केंद्रात निदान दहा दिवसांची नजरकैद भोगावी, असा दंडक आहे. वशिला चालेल म्हणाल, तर तेही नाही. २०१५ साली जॉनी डेप या हॉलिवूडच्या विख्यात नटाची पिस्टल आणि बू नावाची दोन चिमुकली कुत्री खासगी विमानातून, सरकारास वर्दी न देता, क्वीन्सलंडात उतरली. तेव्हा कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी ‘परत न्या, नाहीतर ठार करू’ असे जाहीर फर्मान काढले. कुत्री मुकाट्याने अमेरिकेस परतली. पुढल्या वर्षी नटाच्या पत्नीने खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि पतिपत्नींनी कॅमेऱ्यापुढे बसून या देशाच्या कायद्याचे गुणगान केले. पडद्यावर समुद्री चाच्यांचा सरदार म्हणून मिरवणाऱ्याची जिथे ही गत, तिथे भाईंदरच्या फाटकाखालून आत-बाहेर करणाऱ्या वाघ्याचा काय पाड?

शिवाय येथे आल्याने तो निर्धास्त होईल, हाही एक भ्रम. आमचा कुत्रा सुभेदार येथल्याच आश्रयगृहातून आणलेला, म्हणजे या मातीचा पुत्र. तरी त्याच्या जिवास असलेल्या धोक्यांची यादी आपल्या सातबाऱ्यापेक्षा लांब आहे. त्यांतला अग्रगण्य शत्रू मुगाच्या दाण्याएवढासुद्धा नसतो. पूर्व किनाऱ्यावर एका जातीची गोचीड आहे; बँडिकूट नावाच्या घुशीसारख्या प्राण्याच्या अंगावर ती सुखाने नांदते, त्यास फारसा उपद्रव देत नाही, आणि कुत्र्याच्या अंगावर चढली की तिच्या लाळेतले विष त्याचे मागले पाय लुळे करते, भुंकण्याचा आवाज बदलते आणि अखेर श्वासावर येते. तिकडे ऑक्टोबरचा उन्हाळा तुम्हांस भाजत असतो, तेव्हा इकडे वसंत ऋतू असतो आणि तोच या गोचिडीचा हंगाम. म्हणून गोचिडीची गोळी महिन्याच्या महिन्याला देऊनही रोज संध्याकाळी आमच्या घरी सुभेदाराची झडती असते. तो उताणा पडतो. आपली सूनबाई चष्मा नाकावर ओढून, बोटे केसांच्या उलट दिशेने फिरवीत, आधी कानांच्या घड्या, मग ओठांच्या कडा, मग पट्ट्याखालची मान, काखा, आणि शेवटी पायांच्या बोटांमधल्या फटी चाचपते. एखादा फुगीर राखाडी ठिपका बोटास लागला की घरात निःशब्दता पसरते. बहुधा तो मस असतो आणि सुभेदार जांभई देतो. विष चढलेल्या कुत्र्यास जो उतारा टोचतात तो दुसऱ्या कुत्र्यांच्याच रक्तातून सिद्ध करतात, ही जातिबांधवांची सेवा त्यास समजावून सांगितली, पण त्याने कान हलवला नाही.

ईस्टर्न ब्राउन जातीचे सर्पराज उन्हाळ्यात परसात येतात, त्यांविषयी आईस कळवू नये.

मात्र खरी मौज पुढेच आहे. वन्य प्राण्यांपासून कुत्र्यास वाचवण्याचा खटाटोप संपतो न संपतो, तोच कुत्र्यापासून वन्य प्राण्यांस वाचवण्याची जबाबदारी मालकाच्या गळ्यात पडते. आमच्या परसात ब्लू-टंग नावाचा एक लठ्ठ सरडा कुळासारखा राहतो. सुभेदार जवळ गेला की पळण्याऐवजी तो तोंड वासून निळीशार जीभ दाखवतो, आणि सुभेदार अपमानित होऊन भुंकतो. या सरड्याचा केस वाकडा झाला तर जाब आम्ही द्यायचा, कारण तो येथला मूळ रहिवासी. मांजरांच्या गळ्यात घंटा बांधतात, ती पक्ष्यांच्या सोयीसाठी. आणि राजधानी कॅनबेरात १ जुलै २०२२ पासून जन्मलेल्या मांजरास रात्रंदिवस मालकाच्या आवारातच ठेवण्याचा कायदा आहे. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा आपल्याकडे उंदरांच्या सभेत अनिर्णित राहिलेला प्रश्न येथे सरकारी खर्चाने सुटत आला आहे.

तेव्हा वाघ्याचा बंदोबस्त तिथेच करणे भाग आहे, आणि तो अवघड नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या आहाराविषयी २०१८ साली शास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात हे बिबटे वर्षाकाठी सुमारे दीड हजार भटकी कुत्री फस्त करीत असावेत आणि त्यामुळे माणसांना होणारे चावे व रेबीजही घटत असावा, असा अंदाज मांडला आहे. महानगरपालिकेच्या कामात बिनपगारी हातभार लावणाऱ्या या कर्मचाऱ्याविषयी माझ्या मनात आदर आहे. केवळ वाघ्याचे नाव त्याच्या हजेरीपटावर नसावे. बिबट्या भाईंदरकरांच्या वासाने येत नाही, तो कुत्र्यांच्या मागावर येतो, आणि कुत्री जमतात ती कचऱ्यापाशी. म्हणून तळमजल्याच्या बिऱ्हाडातून मासळीची डोकी फाटकाबाहेर फेकली जातात, ती प्रथा आपण सेक्रेटरींच्या नात्याने बंद पाडावी, आणि वाघ्यास दिवेलागणीनंतर जिन्याखाली न ठेवता दाराच्या आत घ्यावे. आईच्या सोवळ्याचा प्रश्न बाल्कनीत गोणपाट टाकून सुटेल.

बिबट्याहून मला अधिक धास्ती न दिसणाऱ्या शत्रूंची वाटते. खाडीकाठच्या खारफुटीत कोल्हे असतात, आणि २०२४ साली चेंबूरच्या बाजूस मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता; वाघ्याचा स्वभाव असा की कोल्हा भेटला तर तो आधी शेपूट हलवील. तेव्हा रेबीजची लस दरवर्षी न चुकता टोचावी. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तो माणसांस तसा कुत्र्यांसही; डबक्यातले पाणी त्यास पिऊ देऊ नये आणि ‘सेव्हन इन वन’ म्हणतात ती लसही द्यावी, तीत डिस्टेंपर आणि पार्वोचाही बंदोबस्त असतो. गोचिडीस रॉकेल चोळण्याचा आईचा उपाय येथल्या पशुवैद्यास सांगितला. त्याने ऐकून घेतले, आणि मग माझ्याकडे बराच वेळ पाहिले. चोळू नये.

सूनबाईचा आणि मुलांचा आपणां उभयतांस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
विनायक

ता. क. वाघ्याच्या लसीचा जो दाखला आपण फोटो काढून धाडलात, त्याच्या मागल्या बाजूस दूधवाल्याचा हिशेब आहे, आणि पुढच्या बाजूस, तारखेच्या जागी, पाव लिटर जादा असे लिहिले आहे. डॉक्टरांकडून कृपया दुसरी प्रत घ्यावी.